२० रुपयांचा देश : दादाभाई नौरोजी आणि एका आकड्याचा इतिहास

१/ ब्रिटिश भारतातील माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न २० रुपये. हा आकडा प्रथम मांडला गेला तेव्हा सरकारने प्रांतवार असा हिशेब कधी केलेला नव्हता. तो केला मुंबईच्या एका माजी गणित-प्राध्यापकाने. पुढे हाच प्राध्यापक ब्रिटनच्या पार्लमेंटात निवडून गेला. दादाभाई नौरोजींच्या आयुष्याची ही कथा त्या आकड्याच्या अंगाने.

२/ दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी पुरोहित कुटुंबात झाला. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाईंनी मुलाला शिकवले. त्या काळी मुंबईतील नव्या शाळेत फी नव्हती, म्हणूनच हे शिक्षण शक्य झाले. आपण लोकांच्या पैशावर शिकलो, तेव्हा ते ऋण लोकसेवेने फेडले पाहिजे, असे दादाभाईंनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे.

३/ दादाभाई एल्फिन्स्टनमध्ये शिकत होते त्याच काळात, १८४१ मध्ये, मुंबईच्या ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘अ हिंदू’ या टोपणनावाने आठ पत्रे छापून आली. लेखक होते भास्कर पांडुरंग तर्खडकर. इंग्रजी राज्यामुळे हिंदुस्थानची संपत्ती बाहेर वाहून जात आहे, असा थेट आरोप त्यांनी केला. १८४३ मध्ये रामकृष्ण विश्वनाथ यांनी देशाच्या प्राचीन व सांप्रत स्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले. भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ याच वर्षांतले.

४/ म्हणजे ‘संपत्ती बाहेर जाते’ हा विचार दादाभाईंच्या आधी मुंबईच्या मराठी तरुणांनी मांडला होता. त्यांच्याजवळ तर्क होता, संताप होता, धैर्यही होते. पण किती संपत्ती जाते, मागे किती उरते आणि उरलेल्यात माणूस जगतो कसा, या प्रश्नांना आकड्यांचे उत्तर नव्हते. ते उत्तर शोधण्याचे काम दादाभाईंच्या वाट्याला आले.

५/ दादाभाई एल्फिन्स्टनमध्येच गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्या महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. याच काळात ज्ञानप्रसारक मंडळी आणि मुंबईतील मराठी व गुजराती मुलींच्या शाळा यांत त्यांचा पुढाकार होता. १८५१ मध्ये त्यांनी ‘रास्त गोफ्तार’ हे गुजराती पत्र सुरू केले.

६/ १८५५ मध्ये ते कामा आणि कंपनीचे भागीदार म्हणून इंग्लंडला गेले. अफू व मद्याच्या व्यापारातील नफा त्यांना मानवेना, म्हणून भागीदारी सोडली. १८५९ मध्ये त्यांनी कापसाच्या व्यापारासाठी स्वतःची पेढी काढली. त्याच सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ते गुजरातीचे प्राध्यापकही होते. एका हाती बाजारभाव, दुसऱ्या हाती ग्रंथ, असे हे आयुष्य होते.

७/ आणि तेवढ्यात कापसाला सोन्याचे दिवस आले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील रनाळे व आसपासचा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्याच्या अखंड खानदेश जिल्ह्यात मोडत असे, आणि खानदेश हा कापसाचा प्रदेश. युद्ध संपताच भाव कोसळले. मुंबईत पेढ्या बुडाल्या. दादाभाईंच्या पेढीलाही त्या मंदीची झळ बसली.

८/ याच वेळी, १८६६ मध्ये, ओरिसात भीषण दुष्काळ पडला. सुमारे १० लाख माणसे मेली. सरकारी उत्तर ठरलेले असे : पाऊस पडला नाही, लोक उधळे आहेत, लोकसंख्या फार आहे. दादाभाईंचा प्रश्न वेगळा होता. एका वर्षीचा पाऊस चुकला तर माणसे मरतात, याचा अर्थ चांगल्या वर्षीही त्यांच्या गाठीला काहीच उरत नाही. असे का व्हावे?

९/ १८६६ मध्ये त्यांनी लंडनमध्ये ‘ईस्ट इंडिया असोसिएशन’ स्थापन केली. २ मे १८६७ रोजी तिच्यापुढे वाचलेल्या निबंधात त्यांनी दाखवले की हिंदुस्थानात गोळा होणाऱ्या महसुलापैकी सुमारे चौथा भाग देशाबाहेर जातो आणि इंग्लंडच्या संपत्तीत भर घालतो. हाच पुढे ‘आर्थिक निःसारणाचा सिद्धांत’ म्हणून ओळखला गेला.

१०/ निःसारण म्हणजे नेमके काय? गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पगारातील इंग्लंडला पाठवलेली शिल्लक, त्यांची निवृत्तिवेतने, लंडनमधील इंडिया ऑफिसचा खर्च, सैन्याचा खर्च, कर्जावरील व्याज. कर येथील शेतकऱ्याने भरायचा आणि त्यातला मोठा हिस्सा समुद्रापार खर्च व्हायचा. राजा आपल्याच देशात पैसा खर्च करतो तेव्हा तो फिरून प्रजेकडे येतो. येथे तो फिरून येत नव्हता.

११/ सरकारी मंडळी यावर म्हणत : व्यापार वाढतो आहे, रेल्वे धावते आहे, देश समृद्ध होतो आहे. तेव्हा वाद मिटवायचा तर एकच मार्ग होता. देशात वर्षाला एकूण पिकते व तयार होते किती, आणि माणशी वाटा किती, हे मोजायचे. १८७० मध्ये दादाभाईंनी याचा पहिला अंदाज मांडला. पुढील काही वर्षे ते त्याच हिशेबात गढले होते.

१२/ सामग्री कोणती? सरकारचेच प्रांतिक प्रशासकीय अहवाल. मुंबई, मद्रास, बंगाल, वायव्य प्रांत, पंजाब, मध्य प्रांत. प्रत्येक प्रांतातील मुख्य पिके घ्यायची, पेरणीचे क्षेत्र, एकरी उत्पन्न आणि बाजारभाव यांचा गुणाकार करायचा. सरकारला ‘हे आकडे खोटे’ म्हणता येऊ नये, अशीच ही योजना होती.

१३/ पण अहवाल उघडताच गणिताच्या प्राध्यापकाला एक ढोबळ चूक दिसली. अधिकारी प्रत्येक जिल्ह्याचे एकरी उत्पन्न घेत, त्यांची बेरीज करीत आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागत. समजा, एका जिल्ह्यात १० एकरांत एकरी २०० पौंड भात पिकते आणि दुसऱ्यात ९० एकरांत एकरी ८०० पौंड. सरकारी पद्धतीने सरासरी ५०० येते. प्रत्यक्षात १०० एकरांत ७४,००० पौंड पिकले, म्हणजे एकरी ७४०.

१४/ नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे मराठी जिल्हे ज्यात होते त्या मध्य प्रांताच्या अहवालात भाताचे एकरी उत्पन्न ५७९ पौंड दिले होते. दादाभाईंनी क्षेत्राचा भार देऊन ते पुन्हा काढले. उत्तर आले ७५९ पौंड. फरक ३१ टक्क्यांचा.

१५/ येथे क्षणभर थांबून पाहण्यासारखे आहे. दुरुस्तीनंतर आकडा वाढला होता. म्हणजे ही दुरुस्ती दादाभाईंच्या दारिद्र्याच्या प्रतिपादनाला दुबळे करणारी आणि सरकारच्या बाजूला बळ देणारी होती. सरकारी चूक तशीच राहू दिली असती तर देश अधिक गरीब दिसला असता आणि दोष अहवालावर गेला असता. त्यांनी ती दुरुस्त केली, कारण चुकीच्या आकड्यावर उभारलेला युक्तिवाद पहिल्याच उलटतपासणीत कोसळतो.

१६/ सर्व प्रांतांची बेरीज झाली. शेतीचे उत्पन्न सुमारे २७७ कोटी रुपये. बियाण्यासाठी ६ टक्के वजा जाता सुमारे २६० कोटी. त्यात मीठ, अफू, कोळसा व व्यापारी नफा, कारागिरी, दूधदुभते व मासळी यांची भर. शिवाय काही सुटले असेल म्हणून ३० कोटी वरकड. एकूण ठोकळमानाने ३४० कोटी. लोकसंख्या १७ कोटी. भागाकार : माणशी वर्षाला २० रुपये.

१७/ प्रत्येक टप्प्यावर दादाभाईंनी संशयाचा फायदा सरकारला दिला होता. तरीही २० रुपये कमी की जास्त, हे ठरवायला दुसरा आकडा हवा होता : जगायला लागते किती? तोही त्यांनी सरकारकडूनच घेतला. परदेशी मजुरीला जाणाऱ्यांना जहाजावर मिळणारा शिधा आणि तुरुंगातील कैद्यांच्या अन्नवस्त्राचा खर्च.

१८/ निष्कर्ष हादरवणारा होता. बंगालमध्ये माणशी उत्पन्न सुमारे १५ रुपये, तर कैद्याच्या अन्नवस्त्रावरील खर्च सुमारे ३१ रुपये. मुंबई इलाख्यात उत्पन्न सुमारे ३९ रुपये, कैद्यावरील खर्च सुमारे ४७ रुपये. सरकार गुन्हेगाराला जेवढे खाऊ घालीत होते, तेवढेही निरपराध रयतेच्या सरासरी वाट्याला येत नव्हते. पंजाबसारखा अपवाद सोडला तर चित्र सगळीकडे हेच होते.

१९/ शिवाय हा आकडा सरासरीचा. त्यात जमीनदार, सावकार, पेढीवाले, संस्थानिकांचे आश्रित सगळेच आले. वरच्यांचा वाटा मोठा, म्हणून खालच्यांच्या हाती २० रुपयेही पडत नाहीत, हे दादाभाईंनी स्पष्ट केले होते. मुंबई इलाख्याचे ३९ रुपये ऐकून रनाळ्याच्या कापूसवाल्या शेतकऱ्याला सुखी मानणे चूक ठरले असते. शेतात पिकलेल्या मालाची किंमत आणि सारा व व्याज भरून घरात उरलेली रक्कम यांत फार अंतर होते.

२०/ १८७३ मध्ये हिंदुस्थानच्या अर्थव्यवहाराची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीपुढे दादाभाईंची साक्ष झाली. त्यांनी दिलेले दारिद्र्यविषयक टिपण मात्र समितीच्या अहवालात छापले गेले नाही. त्यानंतर बडोद्यात मल्हारराव गायकवाडांच्या दिवाणपदाचा अल्पकाळ त्यांनी अनुभवला. रेसिडेंट फेअर यांच्याशी जमले नाही आणि ते बाहेर पडले. १८७६ मध्ये मुंबईत त्यांनी तोच हिशेब ‘हिंदुस्थानचे दारिद्र्य’ या निबंधात जाहीरपणे वाचला. त्याच वर्षी दख्खनेत महादुष्काळ सुरू झाला.

२१/ आता सरकारला गप्प बसता येईना. १८८२ मध्ये अर्थसदस्य एव्हलिन बेअरिंग यांनी स्वतःचा अंदाज जाहीर केला : माणशी २७ रुपये. दादाभाईंनी त्यामागचा तपशील मागितला. तो मिळाला नाही. १९०१ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी ३० रुपये सांगितले. विल्यम डिग्बी यांनी त्याच वर्षी २० हूनही खालचा आकडा काढला. वाद २०, २७ की ३० असा झाला होता. देश समृद्ध आहे, असे म्हणणे आता कोणालाच सोपे राहिले नव्हते.

२२/ आकडा आहे, पण तो ऐकणार कोण? निर्णय लंडनमध्ये होत. म्हणून दादाभाई निवडणुकीला उभे राहिले. १८८६ मध्ये हॉबर्नमध्ये पराभव झाला. नोव्हेंबर १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी एडिंबरोच्या सभेत म्हणाले की इंग्रज मतदार एखाद्या काळ्या माणसाला निवडून देतील असे वाटत नाही. या उद्गारावर ब्रिटनभर टीका झाली आणि दादाभाईंचे नाव घरोघरी पोचले.

२३/ जुलै १८९२ मध्ये मध्य फिन्सबरीतून लिबरल पक्षाच्या तिकिटावर दादाभाई निवडून आले. मताधिक्य अवघे ५. विरोधकांनी ‘नौरोजी’चे ‘नॅरो मेजॉरिटी’ केले. ६६ वर्षांच्या या सभासदाने खोर्देह अवेस्तावर हात ठेवून शपथ घेतली. फिन्सबरीच्या कामगारांचे प्रश्न, आयर्लंडचे स्वराज्य, स्त्रियांचा मताधिकार या सर्वांना त्यांचा पाठिंबा होता.

२४/ जून १८९३ मध्ये त्यांच्या प्रयत्नांतून एक ठराव कॉमन्समध्ये संमत झाला : सनदी सेवेची परीक्षा इंग्लंड व हिंदुस्थानात एकाच वेळी घ्यावी. वरवर पाहता हा नोकऱ्यांचा प्रश्न. दादाभाईंच्या हिशेबात तो निःसारणाच्या मुळावर घाव होता, कारण हिंदी अधिकाऱ्याचा पगार देशातच खर्च होणार होता. सरकारने ठरावाची अंमलबजावणी केली नाही. हिंदुस्थानात ही परीक्षा सुरू व्हायला १९२२ उजाडले.

२५/ १८९५ मध्ये दादाभाई पराभूत झाले. त्याच निवडणुकीत मुंबईचेच मंचेरजी भावनगरी हुजूर पक्षातर्फे निवडून आले, आणि ते ब्रिटिश राज्याचे समर्थक होते. मात्र त्याच वर्षी नेमलेल्या वेल्बी आयोगावर दादाभाईंना स्थान मिळाले. १८९७ मध्ये या आयोगापुढे पुण्याहून गेलेले गोपाळ कृष्ण गोखले आणि मुंबईचे दिनशा वाच्छा यांच्या साक्षी झाल्या. दादाभाई, वेडरबर्न आणि केन या तिघांनी बहुमताहून वेगळे मत नोंदवले.

२६/ स्वकीयांतही मतभेद होते. १८९० मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत न्यायमूर्ती रानड्यांनी सुचवले की बाहेर जाणाऱ्या खंडणीच्या चर्चेत अडकून न पडता देशात कारखानदारी, भांडवल आणि पतपुरवठा उभा करावा. रानड्यांच्या दृष्टीने शेतीवरच विसंबलेली अर्थव्यवस्था हा मूळ रोग होता. रेल्वेच्या भांडवलावरील व्याज कितपत निःसारणात धरावे, यावर अभ्यासक पुढेही वाद घालीत राहिले. दादाभाईंचा सिद्धांत वाचताना ही दुसरी बाजूही वाचावी.

२७/ १९०१ मध्ये दादाभाईंचे सारे लेखन ‘पॉव्हर्टी अँड अन-ब्रिटिश रूल इन इंडिया’ या ग्रंथात एकत्र झाले. ‘अन-ब्रिटिश’ या शब्दात त्यांची तोवरची श्रद्धा होती : इंग्रजांनी स्वतःच्या तत्त्वांनुसार राज्य केले तर अन्याय दूर होईल. पाच वर्षांनी, १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये, ८१ वर्षांच्या अध्यक्षांनी मागणी केली ती ‘स्वराज्या’ची. प्रकृती क्षीण असल्याने त्यांचे भाषण गोखल्यांनी वाचून दाखवले.

२८/ ३० जून १९१७ रोजी मुंबईत दादाभाईंचे निधन झाले. मुंबईत त्यांच्या नावाचा रस्ता आहे, फ्लोरा फाउंटनजवळ पुतळा आहे. लंडनच्या फिन्सबरी भागातही एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. त्यांचा प्रश्न मात्र स्वतंत्र देशाने आपल्या कारभारातच सामावून घेतला.

२९/ १९४९ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस, सभासद व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. देशात किती पिकते, किती तयार होते आणि माणशी वाटा किती, हे मोजण्याचे काम तिच्याकडे होते. लंडनमध्ये बसून सरकारी अहवालांतील चुका दुरुस्त करीत एका माणसाने जो भागाकार केला होता, तो आता दरवर्षी करून जनतेपुढे ठेवणे हे सरकारचे कर्तव्य ठरले.